उन्हाची वीज आणि विहिरीचे पाणी



हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले की पहाटे कडाक्याची थंडी पडते आणि ढग आले की थंडी पळते, हा तुमचा नेहमीचा अनुभव. असे का बरे होत असेल? दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडत असते. आभाळ मोकळे असले म्हणजे ती निघून जाते; ढग आणि हवेतली वाफ तिला अडवून धरतात. धनगराने अंगावर घोंगडी ओढून घ्यावी, तसलाच हा प्रकार.

कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपण ज्याला कर्बवायू म्हणू, तोही असेच पांघरूण घालतो. तो डोळ्यांना दिसत नाही इतकेच. मुळात हे पांघरूण हवेच. ते नसते तर पृथ्वी गोठून गेली असती. पण दोन-अडीचशे वर्षे माणूस कोळसा आणि तेल जाळतो आहे, आणि पांघरूण जाड होत चालले आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे 280 भाग होता. 1958 साली चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा तो सुमारे 315 भाग भरला. 2024 साली त्याने 420 चा आकडा ओलांडला होता, आणि तेच वर्ष तोवरच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरले.

आता तुम्ही म्हणाल, "याचा आमच्या शेताशी काय संबंध?" संबंध आहे. आपल्या देशातली बहुतेक वीज अजून कोळशातूनच येते, आणि पिकांना पाणी देणारे पंप याच विजेवर चालत आले. शिवाय ही वीज पुष्कळदा रात्रीची. अंधारात, विंचवाकाट्यातून दारे धरायला जाणे म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको!

म्हणून 2019 साली केंद्र सरकारने 'कुसुम' योजना आणली. 2024 साली महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना निघाली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरायचा आणि अनुसूचित जातीजमातींच्या शेतकऱ्याने विसावा, अशी सोय ठेवण्यात आली. ऊन असेल तेव्हा पंप चालतो. धूर नाही, वीजबिल नाही, रात्रीचे जागरणही नाही.

पण थांबा. यात एक मेख आहे. बिल नाही म्हटल्यावर पंप बंद करायची आठवण कोणाला राहते? ऊन फुकटचे आहे, पाणी फुकटचे नाही. आपल्या बहुतेक जिल्ह्यांत जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. म्हणजे साठा बेताचाच. तो पावसाने भरतो आणि आपण उपसतो. जमेपेक्षा खर्च वाढला की उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसणारच. स्वच्छ विजेनेही कोरडी विहीर भरत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने याचा विचार केला. पाऊस किती पडला, पाणी किती आहे, याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची ते गाव ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असाही नियम गावाने स्वतःवर घालून घेतला.

शिक्षक मित्रहो, येथे तुमचे काम आहे. एका लांब दोरीला हातहात अंतरावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी मोठ्या मुलांना बरोबर घेऊन जा. काठाजवळ मुलांना जाऊ देऊ नका. दोरी तुम्हीच सोडा आणि पाण्यापर्यंतच्या गाठी मुलांना मोजू द्या. आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा. कीलिंगने तरी दुसरे काय केले? नेमाने मोजले, आणि लिहून ठेवले. त्यातूनच जगाला कळले. तुमच्या फळ्यावरून गावाला कळेल. मग पंप किती वेळ चालवायचा, ते गावानेच बसून ठरवावे.