वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे : हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

दोन विमानतळांमधील अंतरास विमानाच्या वेगाने भागले असता उड्डाणकाळ मिळतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत टिकतो हे पाहण्यासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या बेटांचे उदाहरण घेता येईल. येथील दोन विमानतळांत अवघे २.७ किलोमीटर अंतर आहे. १९६७ मध्ये लोगनएअर या कंपनीने सुरू केलेली ही सेवा जगातील सर्वांत लहान नियमित हवाई मार्ग म्हणून ओळखली जाते.

या मार्गावरील ‘आयलंडर’ हे दोन इंजिनांचे छोटे विमान ताशी २४० किलोमीटर वेगाने गेल्यास हे अंतर सुमारे ४० सेकंदांत संपावयास हवे. वेळापत्रकात मात्र दोन मिनिटे धरलेली असतात. विक्रमी उड्डाणासही ५३ सेकंद लागले. विमानाने जमीन सोडणे, वेग घेणे, तो उतरवून धावपट्टीच्या रेषेत येणे यांस लागणारा काळ अंतरावर अवलंबून नसतो. लांबच्या प्रवासात तो झाकला जातो. येथे जवळजवळ तोच सर्व प्रवास होय! शिवाय विमान शक्यतो वाऱ्यास सामोरे जाऊन चढते व उतरते. त्यामुळे वारा फिरला की आकाशातील मार्गही फिरतो.

पर्यटकांना या उड्डाणाचे कौतुक वाटते, ते स्वाभाविक आहे. परंतु पापा वेस्ट्रेवरील शंभराहून कमी रहिवाशांसाठी दोन मिनिटांचा हा टप्पा मुख्य बेटावरील कर्कवॉल या शहराशी जोडणाऱ्या हवाई फेरीचा भाग आहे. रुग्णालय तेथेच आहे.