एलएलव्हीएम: सुट्या भागांचा कंपायलर

कंपायलर वापरणाऱ्याला त्याच्या पोटात डोकावावं लागत नाही. सोर्स कोड द्यायचा, चालणारी फाइल घ्यायची. एलएलव्हीएमने मात्र ते पोटच सगळ्यांना खुलं केलं. ख्रिस लॅटनर आणि त्याचे मार्गदर्शक, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले विक्रम अडवे, यांनी 2000 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हे काम सुरू केलं. कंपायलरचा प्रत्येक भाग वेगळी लायब्ररी, हवा तो उचला. रस्ट, स्विफ्ट आणि ज्युलिया या भाषा त्यावरच उभ्या आहेत.

या सोयीची किंमत चुकवावी लागते ती लिंक करताना, म्हणजे हे सुटे भाग आपल्या प्रोग्रॅमला जोडताना.

एलएलव्हीएमच्या अधिकृत धड्यांत ‘कॅलिडोस्कोप’ नावाची चिमुकली भाषा घडवायला शिकवतात. पहिली दोन प्रकरणं साध्या सी प्लस प्लसवर निभतात. तिसऱ्यात एलएलव्हीएमची लायब्ररी येते आणि नवशिक्याची गाडी तिथेच अडते. हेडर सापडल्यामुळे कंपायलर कुरकुर करत नाही; लिंकर मात्र ‘अनडिफाइंड रेफरन्स’च्या ओळींनी स्क्रीन भरून टाकतो. फंक्शनचं नाव ठाऊक आहे, पण त्याचा कोड कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

लायब्ररींची नावं दिली तरी क्रम चुकू शकतो. स्टॅटिक लायब्ररी असल्या, की युनिक्स परंपरेतला लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि त्या क्षणी जे अडलेलं असेल तेवढंच उचलतो. लायब्ररी आधी आणि तिला हाक मारणारी फाइल नंतर आली, तर ती हाक वाया जाते. एलएलव्हीएमच्या ढीगभर लायब्ररी एकमेकींवर अवलंबून. हा क्रम हाताने लावणं जिकिरीचं.

म्हणून सोबत ‘एलएलव्हीएम-कॉन्फिग’ नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. एलएलव्हीएमचा ‘कोअर’ हा भाग हवा म्हटलं, की त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी तो योग्य क्रमाने छापतो. हेडरचा पत्ता आणि कंपायलरचे फ्लॅगही देतो. या सगळ्या पसाऱ्यातला सर्वांत उपकारी भाग हाच.

तरी एक खाच उरते. एलएलव्हीएम एरवी आरटीटीआय, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये वस्तूचा प्रकार ओळखण्याची सोय, बंद ठेवून बांधतात. आपल्या कोडमध्ये ती चालू असेल आणि एलएलव्हीएमच्या क्लासवरून आपला क्लास बेतला असेल, तर लिंकर ‘टाइपइन्फो’ सापडत नाही म्हणतो. तेव्हा लायब्ररी कितीही शोधल्या तरी उपयोग नाही. फ्लॅग जुळवावे लागतात.

शिवाय एलएलव्हीएमच्या नव्या आवृत्तीत त्याची सी प्लस प्लस फंक्शनं बदलतात, जुना कोड कंपाइल होईनासा होतो. डेबियन लिनक्सवर म्हणूनच 14 आणि 16 अशा आवृत्त्या शेजारी शेजारी बसवता येतात, आणि मेकफाइलमध्ये ‘एलएलव्हीएम-कॉन्फिग’च्या नावापुढे तो आकडा लिहिलेला असतो.