पहिली शिडाची नौका घेतांना

हाळी-हंडरगुळीच्या बाजारांत बैल घेणारा शेतकरी आधीं दांत पाहतो, मग चालवून पाहतो आणि दावणीच्या खर्चाचाही हिशेब करतो. शिडाची नौका प्रथमच घेणाऱ्यानेंही हाच मार्ग धरावा.

किनाऱ्यालगतची सफर आणि दूरचा समुद्रप्रवास यांस निरनिराळ्या नौका लागतात. म्हणून हेतु आधीं ठरवावा. जुनी नौका पाण्याबाहेर काढवून जाणकाराकडून तपासून घ्यावी. फायबरच्या तळाला फोड आले असतील, सुकाणूचा सांधा सैल असेल, अथवा डोलकाठीच्या तारा गंजल्या असतील, तर वरच्या रंगाला भुलूं नये. नंतर ती वाऱ्यांत चालवून पाहावी. नांगरण्याची जागा, नवीं शिडें, विमा, पावसाळ्यांत नौका किनाऱ्यावर ओढून ठेवणें, हा खर्च दरसाल येतो. तो न मोजणाऱ्याची नौका धक्क्यावरच पडून राहते.

नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ गोव्यांत रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली जात असतां ते स्वतः त्या कामांत लक्ष घालीत होते. भर समुद्रांत कारागीर हांकेला येत नाहीं. आपल्या नौकेचा सांधान् सांधा ओळखणाराच तेथें निभावतो.