घेतलं की राहिलं?

‘आई, इंजेक्शन घेतलंस न्हवं?’ कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत जेवणाआधी हा प्रश्न येतो आणि ‘घेतलं वाटतं’ असं उत्तर मिळतं. घोळ त्या ‘वाटतं’मध्ये आहे. डोस राहिला तर साखर चढते. दुसऱ्यांदा टोचला तर घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी. कारण जलद इन्सुलिनचा असर साधारण ४ तास टिकतो आणि दोन डोसांची बेरीज होते.

इन्सुलिनचं पहिलं पेन १९८५ साली डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने आणलं, पण ते मुकंच होतं. २००७ मध्ये एलाय लिलीच्या ‘ह्युमापेन मेमॉयर’ने मागचे १६ डोस तारीख-वेळेसह जपले. पुढचं ‘नोव्होपेन ६’ तर ८०० नोंदी ठेवतं; फोनला टेकवलं की त्या ॲपमध्ये उतरतात. अर्थात, पेनाला कळतं ते किती युनिट सुटले एवढंच. ते कातडीखाली गेले की सुईतली हवा काढताना बाहेर सांडले, याचा अंदाज ॲपलाच बांधावा लागतो.

नोंदीचा खरा उपयोग दिसतो तो डॉक्टरांपुढे. गुऱ्हाळाच्या हंगामात साखर ३०० आली, तर दोष काकवीचा की चुकलेल्या डोसांचा? रुग्ण म्हणतो, ‘रोज घेतोय की.’ वही नाही, मग डॉक्टर युनिट वाढवतात. पुढे घरचे पहारा ठेवतात, वाढीव डोस नेमाने जातो आणि साखर धाडकन खाली येते. माझ्या मते, विसरण्याइतकीच ही साखळी धोक्याची आहे.

बाटली-सिरिंज वापरणाऱ्यांच्या मदतीला तर कुठलंच पेन येत नाही. आपल्याकडे बाटलीत बहुधा मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनाच्या काडतुसात १००. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर २० नव्हे, ५० युनिट जातात! खरेदी करताना बाटली आणि टोपण दोन्ही बघा.

महागडं पेन नसलं तरी अडत नाही. स्वयंपाकघरातल्या ‘कालनिर्णय’वर दुधाच्या खाड्यांशेजारी युनिट आणि वेळ लिहा, टोचून झाल्यावर लगेच, आधी नको. तपासणीला जाताना त्या पानाचा फोटो न्या. आणि ‘घेतलं वाटतं’ अशी शंका आली, तर पुन्हा टोचू नका. आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा आणि डॉक्टरांना फोन लावा.