पवनार : आधी कुदळ, मग मेळावा

नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याने निघालं आणि बुटीबोरी, सेलू मागे पडलं, की सत्तरेक किलोमीटरवर धाम नदीचा पूल येतो. पुलाजवळच्या टेकाडावर विनोबा भावे यांचा परमधाम आश्रम आहे.

मार्च १९३८ मध्ये विनोबा इथे आले, तेव्हा त्यांचं वजन अवघं ८८ पौंड होतं. गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी जायला सुचवलं होतं. विनोबांनी जमनालाल बजाज यांचा नदीकाठचा बंगला पसंत केला. रोज थोडंथोडं खणायचं, हेच त्यांचं औषध. त्या खोदकामात जुनी शिल्पं निघाली. त्यांतलं भरत-राम भेटीचं शिल्प आजही आश्रमात पूजेत आहे. हे गावही जुनं. प्राचीन वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं मत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं होतं.

१९५० मध्ये इथे ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग सुरू झाला. शेतीत पैसा नको, बैलही नको. विहिरीचा रहाट माणसांनीच फिरवायचा. पुढच्याच वर्षी विनोबा इथून पायी तेलंगणाकडे निघाले आणि तिथल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी जमीन दान मागण्याची भूदान चळवळ सुरू झाली.

२५ मार्च १९५९ रोजी त्यांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. त्याला कुणी प्रमुख नाही. निर्णय सर्वसंमतीने होतात. स्वयंपाक, झाडलोट आणि शेतकाम भगिनी आपसांत वाटून घेतात. विष्णुसहस्रनामाचा सामूहिक पाठही याच दिनक्रमात बसतो.

वर्षातून दोनदा हा शांत परिसर माणसांनी भरतो. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी धाम नदीत विसर्जित झाल्या. दरवर्षी त्या तारखेला नदीकाठी सर्वोदय मेळा भरतो. तिथे वर्गणी असते ती सूतांजलीची, म्हणजे हाताने कातलेल्या सुताच्या गुंडीची. विनोबांचं निधन १५ नोव्हेंबर १९८२ चं. दरवर्षी त्या सुमारास मित्रमिलन होतं आणि देशभरातले सर्वोदयी कार्यकर्ते जमतात.

एरवीही आश्रम पाहायला जाता येतं. मुक्काम करायचा असेल तर आधी विचारून घ्यावं. नागपूरभोवती हल्ली शेतावर शिबिरं भरवायची हौस वाढते आहे. अशी शिबिरं भरवणाऱ्यांनी एकदा पवनार पाहावं. इथे पाहुण्यांसाठी शेत उभं केलेलं नाही. राहणाऱ्यांनी आपली भाकरी आपल्या हातांनी पिकवायचं ठरवलं. मेळाव्यांचा मान त्यानंतरचा.