पाणी मिनिटाचं, बदल आयुष्याचा!

मोबाइल हँग झाला की आपण काय करतो? सरळ स्विच ऑफ. दोन मिनिटांनी ऑन केला की स्वारी पुन्हा टकाटक! मनाचंही असं करता आलं असतं तर? नोकरी चालू, ईएमआय चालू, वीकेंडचे प्लॅन्सही चालू, पण आत कुठेतरी काहीतरी बंद पडलंय असं वाटणारे आपल्यात कमी नाहीत. मग कुणी विपश्यनेला जातं, कुणी वारीचे दोन टप्पे चालून येतं, कुणी योगाचा क्लास लावतं. आणि कुणी चर्चची पायरी चढतं.

ख्रिस्ती श्रद्धेत या नव्या सुरुवातीसाठी एक विधीच आहे, बाप्तिस्मा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाण्यात बुडवणं. कॅथलिक घरांत साधारणपणे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओततात. बॅप्टिस्ट किंवा पेंटेकोस्टल मंडळींमध्ये माणूस कळत्या वयात, स्वतः ठरवून पाण्यात उतरतो आणि पूर्ण बुडून बाहेर येतो. भावना एकच... जुना माणूस पाण्यात राहिला, नवा वर आला. सगळं काही मिनिटांत आटोपतं.

पण माणूस खरंच इतक्या पटकन नवा होतो? उत्तरासाठी लांब जायला नको. आपल्याच मराठी मुलखातल्या तिघांकडे बघूया. काळ सव्वाशे वर्षांपूर्वीचा, पण तिघांचं घड्याळ मात्र वेगवेगळं!

आधी पाणी, मग उजेड

पंडिता रमाबाई. संस्कृत शास्त्रांत पारंगत, दुष्काळात आई-वडील गमावलेल्या आणि लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा झालेल्या. 1883 मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजानं 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना तिथल्या जोगिणी माणूस म्हणून वागवत होत्या. रमाबाई हलल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपायला हवी ना? पण नाही. रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या, चर्चच्या शिकवणीवर वाद घालत राहिल्या. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ती शांती त्यांना मिळाली 1891 च्या सुमाराला, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी. आणि त्या शांतीनं त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावला त्यांचं 'मुक्ती' उभं राहिलं. भूक काय असते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आधी उजेड, मग पाणी

कवी नारायण वामन टिळकांचं नेमकं उलटं. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गृहस्थ भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्यानं 'नवा करार' हातात ठेवला. वाचीन, असं टिळकांनी कबूल केलं. आपणही असे संकल्प करतो आणि तिसऱ्या दिवशी विसरतो! टिळक मात्र मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोचले आणि त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. मन तिथेच बदललं. पाणी डोक्यावर पडलं दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत.

आणि घरच्यांचं काय?

टिळकांना शांती मिळाली, पण घरात वादळ आलं. पत्नी लक्ष्मीबाईंसाठी हा प्रश्न धर्माचा नव्हताच, मोडलेल्या संसाराचा होता. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. ज्याला नवं आयुष्य मिळतं, त्याच्या जवळच्या माणसांचं जुनं आयुष्य कधीकधी हातातून जातं. हा हिशेब गुळगुळीत प्रवचनांत सहसा येत नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाईंनी तो मांडलाय, रडत आणि हसतही.

त्या पुन्हा टिळकांजवळ आल्या, तेही सुरुवातीला आपलं सोवळं सांभाळूनच. मग एकदा त्यांच्या मनात आलं की, जाती देवानं केल्या की माणसांनी? माणसांनी केल्या असतील, तर यापुढे कुणाच्याही हातचं खायला-प्यायला हरकत काय? सोवळं सुटलं ते असं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यांचं मन नवं झालं होतं ते एका तांब्याभर पाण्यावरून.

एकदा करून भागत नाही

चर्चलाही हे ठाऊक असावं. कॅथलिक चर्चमध्ये मोठ्या माणसाला बाप्तिस्मा घ्यायचा तर आधी दीर्घ काळ तयारी करावी लागते. बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. आणि त्याच रात्री वसई असो की वांद्रे, आधीच बाप्तिस्मा झालेली माणसंही हातात मेणबत्ती घेऊन आपली वचनं पुन्हा उच्चारतात. दर वर्षी. मोबाइलसारखं एकदा रिस्टार्ट केलं की झालं, असं इथे नाही.

टिळक तर आणखी पुढे गेले. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्ताच्या मागे येणाऱ्यांचा दरबार, बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचाही! 1919 मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. ज्या निर्णयानं त्यांचं घर मोडलं होतं, त्याच श्रद्धेचं काव्य त्यांच्या हातून पूर्ण झालं.

तेव्हा आतून नवं व्हावंसं वाटत असेल, तर वाट कुठलीही धरा, घाई मात्र करू नका. आणि आपण खरंच बदललोय का, हे आरशाला विचारू नका. घरच्यांना विचारा, ऑफिसात चहा आणून देणाऱ्या पोऱ्याला विचारा. आपल्याआधी त्यांना कळलेलं असतं!