ताप येतो, कावीळ होते. पण माणूस ‘वेडा’ असतो!

वर्गात एखाद्याने विचित्र उत्तर दिले, की मागच्या बाकावरून आवाज येतो, “याला येरवड्याला पाठवा!” मुंबईकडे याच वाक्यात येरवड्याच्या जागी ठाणे येते, आणि हिंदी चित्रपटांत आग्रा किंवा रांची. या गावांचा दोष एवढाच, की तेथे मनोरुग्णांसाठी मोठी रुग्णालये आहेत. हृदयविकाराच्या रुग्णालयाचे नाव घेऊन कोणी कोणाची थट्टा केल्याचे मात्र ऐकिवात नाही.

आपण कसे बोलतो ते जरा पाहा. ‘त्याला कावीळ झाली’, ‘तिला ताप आला’ असे आपण म्हणतो. येथे माणूस वेगळा आणि आजार वेगळा. आजार येतो, उपचाराने जातो, माणूस तोच राहतो. मनाच्या आजाराची गोष्ट निघाली, की वाक्याची रचनाच बदलते: ‘तो वेडा आहे’. येथे आजार हीच त्या माणसाची ओळख होऊन बसते, आणि तो बरा झाला तरी ती पुसली जात नाही.

एखादीला गाण्याचे किंवा गड चढण्याचे वेड असते, यात तिचा अपमान नाही, कौतुकच आहे. तेव्हा ‘वेड’ हा शब्द कोशातून काढून टाका, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो शिक्का म्हणून वापरण्याचा.

हा शिक्का एकट्या मराठीतच आहे असे नाही. इंग्रजीतील ‘ल्युनॅटिक’ हा शब्द चंद्राच्या लॅटिन नावावरून, ‘लूना’वरून आला. चंद्राच्या कलांमुळे माणसाचे मन बिघडते, अशी जुनी समजूत होती. ती समजूत विज्ञानाने केव्हाच मागे टाकली, पण शब्द कायद्यात जाऊन बसला. इंग्रजांनी १९१२ साली केलेल्या ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’मध्ये रुग्णासाठी हाच शब्द होता, आणि तो कायदा स्वतंत्र भारतातही १९९३ पर्यंत चालू राहिला! त्याची जागा घेणाऱ्या १९८७ च्या कायद्यात ‘मनोरुग्ण व्यक्ती’ आली. २०१७ च्या कायद्यात शब्दांचा क्रमही बदलला: ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’. म्हणजे कावीळ झालेल्या माणसाला आपण जी वागणूक देतो, ती येथवर पोहोचायला कायद्याला शंभरांहून अधिक वर्षे लागली.

शब्दाने खरोखर काही फरक पडतो का? याचे उत्तर जपानमध्ये सापडते. स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली सुचवले. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ होतो ‘दुभंगलेले मन’. विचार, भावना आणि वागणे यांतील सांधा निखळतो, एवढेच ब्लॉयलर यांना सांगायचे होते. लोकांनी मात्र ‘एका माणसात दोन माणसे’ असा अर्थ घेतला, आणि तो चूक आहे. या आजारात रुग्णाला नसलेले आवाज ऐकू येतात, कोणी आपल्या पाळतीवर आहे अशी खात्री वाटू लागते. जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो असतो. त्यावर १९५० च्या दशकापासून औषधे आहेत.

जपानी भाषेत या आजाराचे नाव शब्दशः ‘मन दुभंगण्याचा रोग’ असेच होते. ते इतके भयंकर वाटे, की डॉक्टर रुग्णाला आजाराचे नाव सांगायलाच कचरत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने मागणी केल्यावर २००२ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने नाव बदलून ‘एकसूत्रता बिघडण्याचा विकार’ अशा अर्थाचे केले. आधी शंभरांतील सुमारे ३७ रुग्णांना आपल्या आजाराचे नाव सांगितले जाई. तीन वर्षांत तो आकडा ७० च्या घरात गेला. ज्याला आपला आजार कोणता हे माहीत आहे, तोच औषध कशासाठी घ्यायचे हे विचारू शकतो.

अर्थात नाव बदलणे ही जादूची कांडी नव्हे. ‘मेंटल’ हा किती साधा शब्द, अर्थ नुसता ‘मानसिक’. आपण त्याचीही शिवी केलीच! उलट दिशेनेही घोळ होतो. चाचणीत गुण कमी पडले, की ‘मला डिप्रेशन आलंय’ असे सहज म्हटले जाते. मग ज्याची झोप, भूक आणि उमेद आठवडेच्या आठवडे हरवली आहे, तो हाच शब्द उच्चारतो तेव्हा मित्र हसून सोडून देतात.

याची किंमत मोठी आहे. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहापैकी सुमारे एका प्रौढाला कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. डॉक्टरांची कमतरता हे एक मोठे कारण. पण मनोविकारतज्ज्ञाला जेथे ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणतात, तेथे दवाखाना शेजारच्या गल्लीत असला तरी त्याची पायरी कोण चढेल? आत पाऊल टाकले, की बाहेरच्यांनी नाव ठेवलेच.

ज्याला पायरी चढणे अवघड वाटते, त्याच्यासाठी २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते.